तबकडीतला खालचा आवाज

चिंचवड,
५ जानेवारी १९५७

चि. सौ. शालन हिला ज्योतीरामचा आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र न फोडताच चुलीत घालशील, असं तुझी मंजुळावहिनी म्हणते. म्हणून पत्ता करीमकडून लिहून घेतला आहे. आठ वर्षांनी लिहायचं म्हणजे आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी, पण ती विचारायचं तोंड मला उरलं आहे की नाही, हेच समजत नाही. तेव्हा सरळ कामाचं लिहितो.

आबांची तबकडी तुझ्याकडे आहे. त्यांच्या तेराव्याच्या दिवशी जाताना तू नेलीस ती. माझ्याकडे दुसरी आहे, पण ऐकून ऐकून ती इतकी झिजली आहे की गाण्यापेक्षा भजी तळल्याचाच आवाज जास्त येतो. तुझी प्रत मला दोन महिन्यांसाठी हवी आहे. यंदा आबांची पुण्यतिथी २३ मार्चला येते. यशवंतकाका कोल्हापूरहून यायचे आहेत, आमच्या पेनिसिलीनच्या कारखान्यातली पंधरा-वीस माणसं येतील. आबा, म्हणजे हिंदुराव, काय आवाज होता, ते मला सगळ्यांना ऐकवायचं आहे. पण चावीच्या ग्रामोफोनवर नाही. त्यासाठी मी यंत्र बांधतो आहे.

मी म्हणजे खरं तर करीम. कासारवाडी स्टेशनाजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. लढाईच्या वेळी तो खडकीच्या लष्करी वर्कशॉपात वायरलेस जुळवायचा आणि मी तिथंच वायरमन होतो, तेव्हापासूनची ओळख. तिथल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात त्यानं एकदा असं यंत्र ऐकलं की आत बाई गाते आहे असं समजून तो अदबीनं दाराबाहेर उभा राहिला. ते खूळ त्याच्या डोक्यातून गेलं नाही आणि आता माझ्याही डोक्यात शिरलं आहे. व्हॉल्व्ह लष्करी भंगारातून आणले. ट्रान्सफॉर्मर त्यानं हातानं गुंडाळला. लाउडस्पीकर परातीएवढा आहे आणि त्याची पेटी माझ्या कमरेपर्यंत येते. पेटीच्या भिंती दुहेरी आहेत आणि मधल्या फटीत कोरडी वाळू भरायची, कारण लाकूड स्वतः थरथरलं की खालचे सूर नासतात. पवनेच्या पात्रातली वाळू आणून चाळली आणि ओल राहू नये म्हणून मंजुळेनं ती कढईत भाजून दिली. शेजारणींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पाव्हणं यायचं हाईत, वाळूचा शिरा करतीया."

मला गाण्यातलं काय कळतं ते तुला ठाऊकच आहे. पण मी लहान होतो तेव्हा आबा नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडत होते आणि ते घरी बसले तेव्हा मी खडकीला होतो. माझ्या वाट्याला आले ते तबकडीवरचे तीन मिनिटं आबा. तेवढे तरी धड ऐकावेत असं वाटतं. मागच्या भांडणाविषयी या पत्रात काही लिहीत नाही.

लक्ष्मणरावांना आणि तुझ्या सासरच्या मंडळींना नमस्कार.

ज्योतीराम


चिंचवड,
३ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. शालन,

पार्सल पोचलं. गोधडीत गुंडाळलेली तबकडी शाबूत आली. चिठ्ठी नव्हती. मी गोधडी दोनदा झटकून पाहिली. न बोलता पाठवलीस, हा राग समजायचा की लोभ? मंजुळा म्हणते लोभ. करीम म्हणतो, राग असता तर दोन तुकडे आले असते. माझं काही ठरत नाही.

यंत्र तयार झालं आणि पहिली तुझीच तबकडी लावली. काय सांगू? भैरवीतलं ते पद सुरू झालं आणि खोलीची भिंतच नाहीशी झाली. आबांचा तो वर चढणारा सूर, ज्याच्या जोरावर ते कंपनीत नायिका व्हायचे, तो इतका जवळ की मी नकळत मांडी सावरून बसलो. डोळ्यांतून पाणी आलं आणि करीमसमोर ते पुसलंही नाही.

पण खाली काहीतरी घुमत होतं. सबंध पदभर, घूं असं. करीमचा चेहराच उतरला. तो म्हणाला, विजेचा दोष आहे. मग नऊ दिवस आम्ही त्या घुमण्यामागे लागलो. ट्रान्सफॉर्मर लांब ठेवला, तारा बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले. अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं. ती जागा ओली राहायला हवी म्हणून मंजुळा रोज अंघोळीनंतर तुळशीला आणि त्या खड्ड्याला पाणी घालते. घुमणं काही जाईना. मग करीमनं दुकानातल्या दुसऱ्या चार तबकड्या लावल्या आणि त्यांत घुमण्याचं नाव नाही. आमची लावली की पुन्हा सुरू.

माझी झिजलेली प्रत लावली तर तीतही खरखरीखाली तेच. म्हणजे जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्याला इतके खालचे सूर झेपतच नव्हते, म्हणून इतकी वर्षं ते कुणाला ऐकू आलं नाही. करीम पेटीला कान लावून बराच वेळ बसला आणि म्हणाला, "वीज एकाच सुरात घुमते, भाऊ. हे पदाबरोबर वर-खाली जातंय. ही वीज नाही, हा माणूस आहे."

शालन, मी लगेच हिशेब मांडला. मुंबईला तबकडी भरली त्या खोलीत आबा होते, कंपनीचे तबलेवाले आणि पेटीवाले होते आणि तू होतीस. तबला-पेटीवाले कशाला गातील? म्हणजे मागे गाणारी तू. तेराव्याला तू अगदीच खोटं बोलली नव्हतीस म्हणायची. आबांच्या मागे तू साथ करत होतीस आणि चौदा वर्षांच्या पोरीला वरचा सूर आपलाच वाटला, यात नवल नाही. करीमनं विचारलं, पोरीचा आवाज इतका जाड कसा. मी सांगितलं, मुंबईच्या दमट हवेनं पडसं झालं असेल.

तर मी ठरवलं आहे. पुण्यतिथीला सगळ्यांसमोर सांगेन की या तबकडीत माझ्या बहिणीचीही साथ आहे. झालं गेलं विसरून, मोठ्या मनानं. तू ये. येशील ना?

ज्योतीराम


चिंचवड,
२० फेब्रुवारी १९५७

चि. सौ. शालन,

उत्तर नाही. रोज कारखान्यातून सायकल हाणत येतो आणि आधी टपाल विचारतो. मंजुळा हसते. मागच्या पत्रात चूक काय झाली ते मला समजेना, म्हणून तिला ते तोंडी सांगितलं. "मोठ्या मनानं" असं म्हटल्यावर ती हसायची थांबली आणि उठून आत गेली. काय समजायचं?

आता ते लिहूनच टाकतो. तेराव्याला पंगत उठली होती. यशवंतकाका म्हणाले, हिंदूचा तो वरचा सूर आता पृथ्वीवर नाही. तू वाढता वाढता थांबलीस आणि म्हणालीस, "तो सूर आबांचा नव्हता. माझा होता." मी उठून म्हणालो की बाप जाऊन तेरा दिवस झाले नाहीत तोवर त्याच्या आवाजावर हक्क सांगायला निघालीस, तू खोटारडी आहेस, या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस. शब्द हेच होते. ते मी आठ वर्षं कुणाला सांगितले नाहीत आणि एकही विसरलो नाही.

तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू तबकडी घेतलीस आणि एसटीला गेलीस. गेल्या नोव्हेंबरात सरकारनं तुझ्या सासरची निपाणी म्हैसूर राज्यात घातली, तेव्हा कारखान्यात सगळे चिडून बोलत होते, मी गप्प होतो. तुला परकं करायचं काम मी सरकारच्या आधी उरकलं होतं.

पण तेराव्यालाच का बोललीस? त्याआधी तेरा वर्षं गप्प का होतीस? हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

ज्योतीराम


चिंचवड,
७ मार्च १९५७

शालन,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. पाच दिवस मी यंत्राला हात लावला नाही.

तू लिहितेस, "तुझं मोठं मन तुझ्याजवळच ठेव, दादा. मी साथ केली नाही. ते अख्खं पद मी गायले." आबांचा गळा दोन वर्षं आधीच बसला होता, हे आईला आणि तुला सोडून घरात कुणाला माहीत नव्हतं, असं तू लिहितेस. मराठ्याच्या घरातली पोरगी तबकडीवर गायली असं झालं असतं तर तुला स्थळ मिळालं नसतं आणि आबांना आमंत्रण. म्हणून त्यांनी तबला-पेटीवाल्यांचं तोंड बंद केलं आणि तुला स्वतःच्या गळ्याची आण घातली. गळा गेलेल्या माणसानं गळ्याची आण घालावी आणि तू ती तो जिवंत असेपर्यंत पाळावी. तेराव्याला ती सुटली, म्हणून तू बोललीस. आणि मी काय केलं ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडलोच. खोटं कशाला सांगू? मग एकेक आठवायला लागलं. तबकडी आली आणि गावोगावची बोलावणी सुरू झाली, तेव्हाच आबांनी नवस बोलून गाणं सोडलं. लोकांनी त्यांच्या वैराग्याचं कौतुक केलं. मीही खडकीत चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. आणि पुढच्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, तुझं लग्न झालं. चांगलं स्थळ चालून आलं असं मला कळवलं होतं. तुझ्या सासरी कुणी गुणगुणलेलंसुद्धा खपत नाही, हे मंजुळेला माहीत होतं, मला नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

ज्या सुरावर मी आठ वर्षं आबांच्या आठवणीनं रडलो, तो सूर निपाणीत भाकऱ्या थापत जिवंत होता. मग मी रडलो कुणासाठी? आबांसाठी रडलो असं म्हणावं तर आवाज त्यांचा नव्हता, आणि तुझ्यासाठी म्हणावं तर तुला मी हाकलून दिलं होतं. डोकं चालेनासं झालं. कारखान्यात चालू वायरला हात लावता लावता वाचलो आणि फोरमननं घरी पाठवलं.

आणि अजून एक गाठ सुटत नाही. तू लिहितेस, "माझ्या मागे कुणी गात नव्हतं. आबा तंबोरा घेऊन खाली मान घालून बसले होते. पद संपल्यावरही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत माझ्या गाण्याबद्दल एक शब्द काढला नाही." बरं, मग खाली कोण आहे? तू म्हणतेस कुणी नव्हतं, यंत्र म्हणतं आहे. दोघांपैकी एकाला खोटं म्हणायचं तर तुला एकदा म्हणून झालं आहे. म्हणून या खेपेला मी यंत्राला खोटं ठरवलं. करीमला बोलावून सांगितलं, तो खालचा आवाज छाटून टाक.

त्याला ते पटलं नाही. म्हणाला, "मशीन आपल्या पदरचं काही घालत नाही, भाऊ. भरलंय तेच बाहेर येतं." पण माझा चेहरा पाहून त्यानं एक कंडेन्सर जोडला आणि खालचं सगळं नाहीसं झालं. आता फक्त तुझा आवाज येतो, स्वच्छ, एकटा. २३ तारखेला तोच ऐकवीन आणि तो कुणाचा ते नावानिशी सांगेन. तू यावंस असं फार वाटतं. ये असं म्हणायची मात्र हिंमत होत नाही.

ज्योतीराम


चिंचवड,
२४ मार्च १९५७

शालन,

काल तू आली नाहीस. मी तीन गाड्यांना स्टेशनवर जाऊन आलो. ते राहू दे. काल जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच गोंधळ उडेल.

सकाळी माणसं यायच्या आधी मी आणि करीमनं तबकडी एकदा लावून पाहिली. मंजुळा स्वयंपाकघरात पुरण शिजवत होती. पद निम्मं झालं आणि ती हातातल्या पळीसकट तशीच बाहेर आली. म्हणाली, "मामंजींना कुठं घालवलंसा?"

मला वाटलं ती भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारते आहे. फोटो तर जागेवर होता. ती म्हणाली, "त्या पेटीत खाली गुणगुणत असायचे की. आज गप का?"

शालन, मी तिला खाली बसवून सगळं विचारून घेतलं. लग्नानंतर नऊ वर्षं ती कोल्हापुरात आबांजवळ राहिली, मी खडकीला. आबा माणसांत गात नव्हते, पण आमच्या सुशीलेचा पाळणा हलवताना तोंड मिटून, अगदी खाली, घशातल्या घशात गुणगुणायचे. तिला आबांचा तेवढाच आवाज माहीत होता. तबकडीवरचा सूर तिला कधी ओळखीचा वाटला नाही, पण सगळे म्हणतात म्हणून ती गप्प राहिली. आणि या नव्या पेटीतून घुमणं आलं तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. मी ओरडलो, मग आम्ही नऊ दिवस खड्डे खणत होतो तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी दोघं विजेचं काय काय बोलत होता. मला वाटलं, मामंजी हायत हे तुमास्नी ठावं हाय, दोष दुसराच कायतरी हाय."

आपल्या बापाचा आवाज घरात आला आणि मी त्याला विजेची घरघर समजून मीठ-कोळशात पुरायला निघालो होतो. मग तुझं पडसं समजलो. मग छाटूनच टाकला. आणि हे सगळं का, तर आबांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. करीमनं कंडेन्सर काढला आणि आम्ही तिघं पुन्हा ऐकत बसलो. पुरण तळाला लागलं.

दुपारी माणसं आली. मी उभा राहून सांगितलं की वरचा आवाज माझी बहीण शालन हिचा आहे, आबांचा गळा तेव्हा गेला होता, आणि तेराव्याला मी तिला खोटारडी म्हणालो ते खोटं होतं. यशवंतकाका पानावरून उठले. म्हणाले, "मेलेल्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस." चपला घालून ते स्टेशनला गेले आणि मी त्यांना अडवलं नाही. बाकीचे बसून राहिले. तबकडी लावली. संपल्यावर आमचा फोरमन एवढंच म्हणाला, पुन्हा लाव. चार वेळा लावली. मी बरोबर केलं की आबांना उघडं पाडलं, हे मला अजून समजत नाही. विचारायला आता वडीलधारं कुणी उरलं नाही, होते ते रागावून गेले.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. सगळे गेल्यावर उजेड होता तोवर मी पेटीला टेकून पुन्हा पुन्हा ऐकलं. तू सांगतेस ते खरं, आबा मान खाली घालून बसले होते. तंबोरा त्यांच्याच हातात होता, तोंड तंबोऱ्याशी होतं, म्हणून तुला तो तंबोराच वाटला असणार. ते तुझ्या एक सप्तक खाली, मिटल्या तोंडानं, तुझ्याबरोबर सबंध पद गात आहेत. पहिल्या ओळीपासून. शेवटच्या कडव्यात पद चढतं तिथं तुझा श्वास अपुरा पडतो. तू थांबतेस. ती जागा मला नेहमी आबांची करामत वाटायची. तिथं खालचा आवाज तुझ्या पुढे जातो आणि सूर धरून थांबतो. आवाज फाटका आहे, थरथरतो, पण सुटत नाही. तू श्वास घेऊन वर पोचलीस की तो मागे होतो.

त्यांनी तुझ्याकडे पाहिलं का नाही, पुढे एक शब्द का काढला नाही, ते मला कळत नाही. त्याची माफी मी त्यांच्या वतीनं मागू शकत नाही. माझी मागतो. मोठ्या मनानं नाही, शालन. जसा आहे तसा मागतो.

पण तू तिथं एकटी गात नव्हतीस. हे पत्रात वाचून कळायचं नाही, ते ऐकायला हवं. तुला यायचं नसेल तर मी आणि करीम यंत्र घेऊन निपाणीला येतो. लक्ष्मणरावांच्या पाया पडेन, तुझ्या सासूबाईंच्या पडेन, सहा मिनिटं मागून घेईन. दोनदा लावायला तेवढी पुरतात.

तुझ्या घरात वीज आली आहे का, तेवढं कळव.

तुझा,
दादा